उसनी जीभ

माणसाची सगळी संस्कृती जिभेच्या टोकावर उभी आहे, बाकी नुसता पसारा, असं चाखणकरांनी गाडीत बसल्या बसल्या जाहीर केलं. विधान मोठं होतं आणि आवाजही त्याला शोभेलसा लावला होता. अडचण एवढीच, की खुद्द चाखणकरांच्या जिभेच्या टोकावर गेले अकरा आठवडे संस्कृती सोडाच, साधी साखरसुद्धा उभी राहायला तयार नव्हती.

चाखणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. निवृत्त होईपर्यंत सदतीस वर्षं त्यांनी एका कंपनीत चहा चाखला. रोज सकाळी पांढऱ्या वाट्यांची लांबलचक रांग लागायची. चमचा भरायचा, फुर्रर्र करून असा ओढायचा की चहा थेट टाळूवर उडाला पाहिजे, क्षणभर घोळवायचा आणि शेजारच्या उंच पिकदाणीत सोडून द्यायचा. मग शेजारी वही घेऊन बसलेल्या माणसाला एकच वाक्य सांगायचं: "अंग आहे, धार नाही." किंवा, "पान बरं आहे, भट्टीने घात केला." वहीवाला लिहून घ्यायचा आणि त्या एका वाक्यावर गोदामंच्या गोदामं हलायची.

ही सवय कंपनीच्या फाटकाशी ठेवून घरी यायचं त्यांना कधी जमलं नाही. लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी नव्या बायकोने चहा आणून दिला. चाखणकरांनी फुर्रर्र केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पान जुनं आहे, आणि पाण्याने त्याच्यावर अन्याय केलाय." त्यानंतर चौतीस वर्षं बायको रोज ताटापाशी उभी राहून "कसं झालंय?" विचारत आली आणि चाखणकर निकाल देत आले. घरात फुर्रर्र करायला तिने पहिल्याच आठवड्यात बंदी घातली. निकालांवर बंदी घालणं मात्र राहून गेलं.

आणि मग ती सर्दी आली. साधी, दोन रुमालांची सर्दी. आठवड्यात गेलीही. जाताना मात्र घरजावयाने भांडीकुंडी उचलावीत तशी चव आणि वास दोन्ही घेऊन गेली. चाखणकरांना चहा कोमट लागायचा आणि जेवण मऊ किंवा कडक. याखेरीज कशातच काही फरक उरला नाही.

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी बायकोने सवयीने विचारलं, "कसं झालंय?" आता काय सांगायचं? काही सुचेना, म्हणून ते म्हणाले, "छान."

बायकोच्या हातातला डाव हवेतच थांबला. चौतीस वर्षांत हा शब्द त्या घरात जेवणाच्या बाबतीत उच्चारला गेला नव्हता. "काय म्हणालात?"

"छान झालंय म्हटलं."

संध्याकाळी भांडी पुसताना ती काहीतरी गुणगुणत होती. चाखणकर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रामागे बसून ऐकत राहिले. आता सांगायचं म्हटलं, तर नुसती जीभ गेली असं सांगून भागणार नव्हतं, तो 'छान'ही परत घ्यावा लागला असता. दुसऱ्या दिवशी दोन झाले. आता अकरा आठवड्यांचे छान साठले होते, आणि ते सगळे एकदम बायकोच्या हातून काढून घ्यायची त्यांची छाती होत नव्हती. तेव्हा सांगणं शक्य नव्हतं आणि न सांगता एकट्याने ते ओझं वागवणंही दिवसेंदिवस जड होत होतं. कधी कधी दुपारी ते डब्यातली लवंग काढून नाकाशी धरत. लवंग लाकडाची असते, एवढंच कळे.

अशा माणसाला मेहुण्याने सहलीला काढलं, आणि तेही कुठे? तर तीन दिवस द्राक्षमळे, वायनरी आणि फळबागा, जागोजागी चाखत जायचं.

"भाऊजी, खास तुमच्यासाठी!" मेहुणा म्हणाला. मेहुण्याचं नळ आणि बेसिनचं दुकान होतं. "तुमच्यासारखी जीभ बरोबर असल्यावर आम्हाला कशाची काळजी? तुम्ही सांगायचं, आम्ही माना डोलवायच्या. काय गं ताई?"

"अगदी," बायको म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

पहिल्या वायनरीत दारातच गारवा लागला. स्टीलच्या उंच टाक्या, ओल्या फरशा, मागे लाकडी पिंपांची उतरंड. मेहुणा टाकीखालच्या नळापाशी उकिडवा बसला तो बसलाच. "हे फिटिंग बघा! थेंब गळत नाही. याला म्हणतात काम." वायनरीची मालकीण उंच, बाह्या दुमडलेली, हाताला जांभळे डाग पडलेली बाई होती. तिने लांब टेबलावर ग्लास मांडले, शेजारी कोरडी बिस्किटं ठेवली आणि थुंकण्यासाठी एक बादली. बादली बघून चाखणकरांना गहिवरून आलं. आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. लगेच आठवलं, की आता आपल्याकडे थुंकण्याची कला तेवढी शिल्लक आहे.

"भाऊजी चहातले मोठे जाणकार आहेत," मेहुण्याने नळापासून ओरडून सांगितलं. झालं. मालकिणीने ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

चाखणकरांनी ग्लास उजेडात धरला. फिरवला. अजून फिरवला. वेळ काढण्याच्या सगळ्या युक्त्या संपल्या, तेव्हा ते अदबीने म्हणाले, "आधी हिला द्या. बायकांचा मान पहिला."

बायकोने आयुष्यात कधी वाइन चाखली नव्हती. तिने ग्लास तोंडाला लावला आणि चाखणकर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं त्यांनी या चेहऱ्यासमोर बसून निकाल दिले होते, पण त्या चेहऱ्यावरही काहीतरी लिहिलेलं असतं हे त्यांना आज प्रथमच दिसलं. डावा डोळा किंचित बारीक झाला: आंबट. मग गाल आत ओढले गेले: तुरट. खालचा ओठ जरा पुढे आला: शेवटी कडवट. आणि मग तिने ग्लासाकडे पुन्हा एकदा बघितलं: पण वाईट नाही.

चाखणकरांनी घोट घेतला. फुर्रर्र! टाक्यांमध्ये आवाज घुमला. मालकीण दचकली, मेहुण्याने नळावरचा हात काढला. त्यांनी घोळवलं, बादलीत नेमकं सोडलं आणि डोळे मिटून म्हणाले, "सुरुवातीला आंबटाची चुणूक. मध्ये तुरट. शेवट कडवटाकडे झुकतो. पण एका घोटावर सोडवत नाही."

मालकिणीने हाताची घडी सोडली. "अगदी हेच मी गेल्या वर्षीपासून माझ्या नवऱ्याला सांगतेय!"

अशी ती उसनी जीभ कामाला लागली. दुसरा ग्लास, तिसरा ग्लास. बायकोने आधी चाखायचं, चाखणकरांनी तिचा चेहरा वाचायचा. चौथ्या ग्लासाला थोडी पंचाईत झाली. बायकोला बादलीत थुंकायची लाज वाटत असल्यामुळे ती सगळं गिळत होती, आणि एव्हाना तिच्या चेहऱ्यावर सगळं गोडच दिसू लागलं होतं. "याला एक प्रसन्नपणा आहे," चाखणकर म्हणाले. पाचव्यालाही प्रसन्नपणा निघाला. ते निघताना मालकिणीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशीच्या वायनरीत आणि अंजिराच्या बागेतही हेच झालं. चाखणकर स्वतःवर खूश होते आणि स्वतःला घाबरतही होते. बायकोकडे ते इतकं टक लावून बघत होते, की अंजिराच्या बागेतल्या माणसाने मेहुण्याला हळूच विचारलं, "यांचं नवीन लग्न झालंय का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी सफरचंदाची बाग. रात्री पाऊस पडून गेला होता. गुडघाभर गवत ओलं होतं आणि मेहुण्याच्या कापडी बुटांतून चालताना पचक पचक आवाज येत होता. बागवाला उंच, कमी बोलणारा, हातात वाकडी सुरी. तो त्यांना शीतगृहात घेऊन गेला. लाकडी खोक्यांच्या भिंतीतून त्याने एक सफरचंद निवडलं, शर्टाला पुसलं, कापलं आणि म्हणाला, "हे माझ्या वडिलांनी लावलेल्या झाडाचं. विकत नाही. पाहुण्यांना देतो."

त्याने फोड चाखणकरांपुढे धरली. चाखणकरांनी रिवाजाप्रमाणे ती बायकोकडे वळवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बायकोची एक दाढ वर्षभर कुरकुरत होती. थंड लागलं की ठणकायची आणि दंतवैद्याकडे जायचं म्हटलं की तत्काळ बरी व्हायची. ही गोष्ट चाखणकरांना शंभरदा सांगून झाली होती. पण त्या क्षणी ते चेहरा वाचायच्या कामावर होते, आणि कामावर असताना त्यांना दुसरं काही आठवत नसे.

बायकोने फोड चावली. डावा डोळा बारीक नव्हे, पार मिटला. उजवाही मिटला. तोंड वाकडं झालं, खांदे कानापर्यंत गेले, डोळ्यांत पाणी आलं.

चाखणकरांनी आपली फोड चघळली. मान हलवली. आणि सदतीस वर्षांचा सगळा अधिकार आवाजात आणून म्हणाले, "भयंकर आंबट. कोवळंच उतरवलंत. घाई केलीत."

शीतगृहात फक्त यंत्राची घरघर ऐकू येत होती.

मेहुण्याचं तोंड सफरचंदाने भरलं होतं. "काय भाऊजी!" तो कसाबसा म्हणाला. "नुसती साखर आहे! मध आहे मध!"

बागवाल्याने स्वतःसाठी एक फोड कापली, तोंडात टाकली, सावकाश चावली. मग दुसरी कापली. तीही चावली. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आंबट?" तो म्हणाला.

बायको गालावर हात दाबून उभी होती. तिने एकदा बागवाल्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग गालावरचा हात काढला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बरोबर बोलतायत हे. आंबटच आहे."

चाखणकर तिच्याकडे बघतच राहिले. कारण चौतीस वर्षांत चार लोकांसमोर बायको त्यांच्या निकालाशी एकदाही सहमत झालेली नव्हती. ते हो म्हणाले की ती नाही म्हणायची, आणि तिचंच पुष्कळदा खरं असायचं. आज, जिथे पोरंटोरंही हसली असती तिथे, ती त्यांच्या बाजूने धडधडीत खोटं बोलत होती. हे एकाच कारणाने होऊ शकत होतं.

"जरा बाहेर ये," ते म्हणाले.

शीतगृहामागे रिकाम्या खोक्यांची रास होती. एका खोक्यावर ते बसले, दुसऱ्यावर ती.

"तुला माहीत आहे," चाखणकर म्हणाले.

"काय ते?"

"उगाच आढेवेढे घेऊ नकोस. कधीपासून?"

बायकोने पायाजवळचं गवत उपटलं. "तुम्ही पहिल्यांदा छान म्हणालात ना, त्याच दिवशी शंका आली. त्या दिवशी मी सूपमध्ये मीठच घालायला विसरले होते. मला वाटलं, थट्टा करताय. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नाही घातलं. छान. तिसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. छान! मी मेली एक चमचा पिऊन मोरीकडे पळाले, आणि तुम्ही वाडगा पुसून ठेवलात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

लांब मेहुणा बागेतल्या पाण्याच्या नळ्या वाकून तपासत होता.

"डॉक्टर भाचीला विचारलं मी," ती म्हणाली. "ती म्हणाली, मावशी, घाबरू नका, बहुतेकांची परत येते, वेळ लागतो. तोवर नाकाला रोज निरनिराळे वास दाखवत राहा. आता तुम्हाला कसे दाखवणार? तुम्ही कबूलच होत नाही! म्हणून ही सहल काढली."

"तू काढलीस? मला वाटलं, तुझ्या भावाने."

"त्याला द्राक्षातलं काय कळतंय? त्याला नळ दिसला की पुरे. त्याच्या तोंडून वदवून घेतलं मी."

मग चाखणकरांनी मनातलं एकदाचं बाहेर काढलं. "मी सांगणार होतो गं. पण सांगितलं असतं तर ते सगळे छान... तू भांडी पुसताना गात होतीस."

"अहो, खोटे आहेत हे मला माहीतच होतं की. पण कानाला बरं वाटत होतं. चौतीस वर्षांची उपाशी होते मी. म्हटलं, खोटा का होईना, येतोय तोवर घ्या."

ती हसायला लागली, आणि तिला हसताना बघून चाखणकरांच्या छातीवरून एक भलं मोठं खोकं कोणीतरी उचलल्यासारखं झालं. अकरा आठवडे ते नीट श्वासदेखील घेत नव्हते, हे त्यांना आत्ता कळलं.

"आणि ते तोंड करत होतीस ते?"

"पहिले दोन ग्लास आपोआप झालं. मग लक्षात आलं, तुम्ही माझ्याकडे बघताय. लग्नानंतर इतकं कोणी बघितलं नव्हतं माझ्याकडे. म्हटलं, करू या जरा ठळक."

"म्हणजे ते सफरचंद..."

"ते खरंच दुखलं हो!" तिने गाल धरला. "दाढ आहे ती माझी! शंभरदा सांगितलंय!"

चाखणकरांनी बुटाला चिकटलेलं ओलं गवत काढलं. "आणि नाहीच परत आली, तर?"

"नाही आली तर नाही आली. मी आहे ना तोंड वाकडं करायला." मग ती उठली. "पण आधी त्या बिचाऱ्याला जाऊन खरं सांगा. त्याच्या वडिलांचं झाड आहे."

बागवाला अजून शीतगृहातच होता. त्याच्यापुढे सहा सफरचंदं कापून पडली होती आणि तो सातवं कापत होता. चाखणकर त्याच्यासमोर उभे राहिले आणि अकरा आठवड्यांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी माणसाला एका दमात सांगून मोकळे झाले. "तुमच्या फळात काही खोट नाही. मला चवच लागत नाही. वासही येत नाही. मी हिचं तोंड बघून बोललो, आणि हिची दाढ दुखत होती."

बागवाल्याने सुरी खाली ठेवली. खोक्याला टेकून त्याने एक लांबलचक श्वास सोडला.

"हुश्श," तो म्हणाला. "मला वाटलं, माझीच गेली."

मग त्याने त्यांच्या गाडीत एक अख्खी पेटी चढवली. मेहुण्याला काय झालं ते सांगितलं, तेव्हा तो आधी पाच मिनिटं हसला आणि मग पाच मिनिटं रुसला. "म्हणजे तो प्रसन्नपणा ताईचा होता? मी त्या प्रसन्नपणाच्या चार बाटल्या घेतल्यात!"

परतीच्या वाटेवर गार वारं सुटलं. काचा बंद होत्या, हीटर चालू होता. मेहुण्याने ओले बूट काढून टाकले होते आणि अनवाणी पायांनी गाडी चालवत होता. चाखणकर पुढच्या सीटवर डोळे मिटून, मोकळ्या मनाने बसले होते. जीभ नाही तर नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते जवळजवळ पटलंही.

आणि तेवढ्यात कुठूनतरी, फार लांबून, काहीतरी आलं.

आधी ओल्या पोत्यासारखं. मग पावसाळ्यात दार न उघडलेल्या गोदामासारखं. त्याच्या मागून आंबलेल्या पानाची एक दाट, जड लाट. चाखणकरांनी डोळे उघडले. "गाडी थांबव!"

"मळमळतंय का?" मेहुण्याने घाबरून ब्रेक दाबला.

चाखणकर वाकले. हीटरच्या झडपेवर मेहुण्याचे ओले मोजे वाळत घातले होते. त्यांनी त्यातला एक उचलला, दोन्ही हातांनी नाकाशी धरला आणि खोल श्वास घेतला.

"अंग आहे," ते म्हणाले. "अंग आहे, धारही आहे. पान ओलं असताना कोंडलं गेलंय. शेवट... शेवट फार लांब आहे."

"ताई, भाऊजींना काय झालं?"

"अगं, वास येतोय!" चाखणकर मागे वळून ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वास येतोय!"

"अहो, आम्हाला तो केव्हाचा येतोय," बायको म्हणाली. तिने पदराचं टोक नाकावरून काढून डोळ्यांना लावलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरातल्या छोट्या स्वयंपाकघरात तिने स्वतः सूप केलं. चाखणकर आणि मेहुणा टेबलाशी बसले. मधोमध सफरचंदांची पेटी. चाखणकर चमचा हातात घेऊन उभे राहिले.

"आज मी एक गोष्ट जाहीर करतो," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी घरात निकाल देत आलो. ती माझी चूक होती. अन्न ही परीक्षा नव्हे. आजपासून हिच्या हातचं जे काही पानात पडेल, त्याला मी एकच शब्द म्हणेन, आणि तो मनापासून म्हणेन. जीभ पुरती परत येवो अथवा न येवो."

"वा भाऊजी!" मेहुणा म्हणाला.

बायकोने हळूच मान वळवून म्हटलं, "करा हवं तर फुर्रर्र. आजच्यापुरतं."

चाखणकर बसले. फुर्रर्र केलं, घोळवलं, डोळे मिटले. दाराच्या फटीतून उजेड यावा तशी चव आली: बारीक, पण खरी. मेहुण्याचा घास थांबला. बायको डाव हातात धरून उभी होती, चौतीस वर्षं उभी असायची तशी.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"छान," चाखणकर म्हणाले. "अगदी छान."

त्यांनी दुसरा चमचा भरला, प्यायला, आणि जरासे घुटमळले.

"अगं, ते मीठ जरा इकडे सरकव."